ची कुणाची?

"भाऊजी, तुमच्या घरात ची अडकलीये," समोरच्या वहिनी दारातच थबकून म्हणाल्या. स्टोअरकीपरांनी आधी दाराच्या फटीत पाहिलं, मग पायपुसण्याखाली.

"कोणाची?"

"कोणाची नाही हो. नुसती ची."

"नुसती कशी असेल, वहिनी? किल्ली असेल तर आमची असेल, नाहीतर तुमची असेल. कोणाची तरी असल्याशिवाय ची येईल कुठून?"

वहिनींनी एक मोठा श्वास घेतला. अडाण्यांना शिकवताना घ्यायचा हा श्वास त्या हल्ली ज्या वर्गाला जात तिथेच त्यांना शिकवला असावा. मग त्यांनी समजावून सांगितलं ते असं. ची म्हणजे चिनी भाषेत ऊर्जा. ती दारातून आत येते, घरभर फिरते, ज्याला त्याला सुख, आरोग्य, मानमरातब वाटते आणि खिडकीतून निघून जाते. यालाच फेंगशुई म्हणतात. पण घरात अडगळ असली की बिचारी ची उंबऱ्यातच ठेचकाळते, आणि मग त्या घरातल्या माणसांचं आयुष्यात काही म्हणजे काही होत नाही.

"काय अडकलंय म्हणतायत रे?" दाराशेजारच्या वेताच्या खुर्चीतून नानांनी कानामागे हात धरून विचारलं. नाना म्हणजे स्टोअरकीपरांचे वडील. त्यांना कमी ऐकू यायचं, त्यामुळे ते स्वतः फार मोठ्यांदा बोलायचे.

"ची, नाना! ची!"

"कुणाची?"

त्या दिवशी या प्रश्नाला कोणी उत्तर दिलं नाही. वहिनी नानांकडे बघून नुसत्या हसल्या आणि आत आल्या.

खरं म्हणजे वहिनी आल्या होत्या नळाचा वायसर मागायला. अख्ख्या इमारतीत कोणाचाही नळ गळला, बिजागरी निखळली, पंख्याचा स्क्रू हरवला, की पाय आपोआप स्टोअरकीपरांच्या दाराकडे वळत. जन्मभर एका कारखान्याच्या भांडारात काढल्यामुळे त्यांचं खरं नाव फक्त विजेच्या बिलावर उरलं होतं. बायको सोडली तर सगळे त्यांना स्टोअरकीपरच म्हणत. कारखान्यात त्यांच्या सहीशिवाय साधा नट हलत नसे. आता ते रिटायर झाले होते आणि त्यांची सही कुरिअरवाल्याशिवाय कोणी मागत नव्हतं. म्हणून त्यांनी घरातच भांडार मांडलं होतं. एका बरणीत बिनकुलपाच्या किल्ल्या, दुसरीत बिनकिल्लीची कुलपं. या दोन्ही बरण्यांची कधीतरी गाठ पडेल अशी त्यांना मनापासून आशा होती. एका खोक्यावर त्यांनी स्वतःच्या सुबक अक्षरात लिहिलं होतं, 'कशाच्या तरी वायरी'. गॅलरीत जायचं तर आडवं होऊन, श्वास आत ओढून जावं लागे, आणि त्यांच्या बायकोने वाळत टाकलेले कपडे काढायला जाणं कधीच सोडून दिलं होतं. ती खिडकीतून काठीने काढायची.

असा हा माणूस वहिनींचं ऐकेल असं कोणाला वाटलं नसतं. पण वायसर मुठीत घेऊन वहिनी जाता जाता म्हणाल्या, "बघा बुवा. कमिटीची निवडणूक रविवारवर आलीये. अध्यक्षाची खुर्ची रिकामी आहे. ची मोकळी करा, खुर्ची तुमचीच."

झालं! ठिणगी पडली. कारण अध्यक्षाची सही लागते. पाण्याच्या टाकीला लागते, रंगकामाला लागते, जिन्यातला दिवा बदलायचा तरी लागते. स्टोअरकीपरांच्या बोटांना एवढ्यानेच खाज सुटली. त्यांना ती खुर्ची हवी होती, अगदी लहान मुलाला फुगा हवा असतो तशी हवी होती, आणि उमेदवारही दोनच होते. एक ते आणि दुसरे सेक्रेटरी, ज्यांना नियम सोडून आयुष्यात दुसरं काही आवडलेलं नव्हतं.

"नाना, घर साफ करतोय," त्यांनी संध्याकाळी जाहीर केलं. "सगळी अडगळ काढणार."

नानांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग, जे नाना एरवी दूधवाल्याशीही तिसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू जाईल असं बोलत, ते अगदी हळू आवाजात म्हणाले, "काय हवं ते काढ. माझ्या खुर्चीला हात लावू नकोस. खुर्ची गेली, तर मी ताईकडे गेलो. मग परत यायचा नाही."

ताई म्हणजे स्टोअरकीपरांची बहीण, दुसऱ्या गावात राहायची. तिच्याकडे जायची धमकी नाना अधूनमधून देत, चहात साखर कमी पडली तरी देत. पण ती ओरडून देत. हळू आवाजातली धमकी ही पहिलीच. स्टोअरकीपर भले जगाला कडक वाटोत, नानांशिवायच्या घराची त्यांना भीती वाटायची. बाहेरून येऊन दार उघडलं की त्या खुर्चीतून "आलास का रे?" असं ऐकू येतं म्हणूनच आपण घरी आलो असं त्यांना वाटे. ऐकू येत नसल्यामुळे नानांनी खुर्ची मुद्दाम दारात मांडली होती. येणाराजाणारा तिथे अडायचाच, आणि अडला की नानांच्या कानात काहीतरी ओरडून मगच पुढे जायचा. नानांचा जगाशी एवढाच व्यवहार उरला होता.

"खुर्चीला कोण हात लावतंय, नाना!" स्टोअरकीपर ओरडले, आणि तसं त्यांनी वहिनींनाही बजावलं. वहिनींनी मान हलवली. त्यांच्या मते ती खुर्ची म्हणजे बाटलीच्या तोंडाला बसवलेलं बूच होतं; घरातली सगळी गडबड तिथेच होती.

"खुर्ची सोडून बोला," स्टोअरकीपर म्हणाले. निवडणुकीला उभ्या असलेल्या माणसाच्या तोंडी हे वाक्य जरा विचित्र होतं, पण ते त्यांच्या लक्षात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी कामाला सुरुवात झाली. वहिनींचा नियम सोपा होता. वर्षभरात जिला हात लागला नाही ती वस्तू घराबाहेर. बायकोने पदर खोचला. लग्न झाल्यापासून ती या दिवसाची वाट बघत होती. तिने पहिल्या झटक्यात दोन बंद पडलेले रेडिओ, एक दांडा नसलेली छत्री आणि छत्री नसलेला एक दांडा बाहेर काढला.

"अगं, हा दांडा त्या छत्रीला—"

"बसला का आजवर?"

"बसवला नाही म्हणून बसला नाही."

"वर्षभर हात लागला नाही, गेला," बायको म्हणाली, आणि मग कमरेवर हात ठेवून नवऱ्याकडे वरपासून खालपर्यंत बघत म्हणाली, "तसं बघितलं तर तुमचाही रिटायर झाल्यापासून कुठल्या कामाला हात लागलेला नाही. तुमचं काय करायचं?"

स्टोअरकीपर हसले, पण ते त्यांना चांगलंच झोंबलं. त्याचा वचपा म्हणून त्यांनी थेट स्वयंपाकघराच्या फळीवर हात घातला. तिथे आइस्क्रीमचे रिकामे डबे एकात एक घालून छतापर्यंत पोचले होते आणि झाकणं वेगळ्या पिशवीत होती. कुठलंही झाकण कुठल्याही डब्याला बसत नव्हतं, हे त्यांनी तिथल्या तिथे, एकेक लावून, सिद्ध करून दाखवलं.

"राहू द्या ते, कामाचे आहेत," बायको म्हणाली, आणि म्हणता म्हणता गप्प झाली. कारण हे वाक्य इतकी वर्षं त्या घरात फक्त एकच माणूस म्हणत आला होता. शेवटी तह झाला. डबे राहतील, बदल्यात किल्ल्यांची बरणी राहील. कुलपं मात्र जातील. हा तह कोणाच्या फायद्याचा होता ते दोघांनाही शेवटपर्यंत कळलं नाही.

इकडे वहिनी रोज हजेरी लावत होत्या, आणि अडगळ काढायला आलेली ही बाई दर खेपेला हातात काहीतरी घेऊन यायची. दारावर टांगायला नळ्यांची किणकिणती घंटा आली. ती बरोबर स्टोअरकीपरांच्या कपाळाच्या उंचीवर बसली. नानांना त्या घरात धड ऐकू येणारी ती एकमेव गोष्ट निघाली, वाऱ्याने वाजली तरी ते "दार बघा रे!" म्हणून ओरडत. मग एक जाडा हसरा पुतळा आला, पाण्यात ठेवायची बांबूची हिरवी कांडी आली आणि शेवटी तोंडात नाणं धरलेला तीन पायांचा बेडूक आला.

माल हातात घेऊन उलटापालटा करून बघायची स्टोअरकीपरांची जुनी सवय. "चौथा पाय कुठाय?" त्यांनी विचारलं.

"तीनच असतात."

"वहिनी, फुटका माल गळ्यात मारलाय तुमच्या. परत करा."

"अहो, तीनच शुभ!"

"कारखान्यात असतो तर मी पोचपावती दिली नसती," स्टोअरकीपर म्हणाले, आणि खुर्चीकडे डोळा ठेवून त्यांनी बेडूक निमूटपणे टीव्हीवर ठेवला. शिवाय संडासाचं झाकण सतत बंद ठेवायचं, नाहीतर समृद्धी वाहून जाते, असंही ठरलं. समृद्धी राहिली की नाही कोण जाणे, पण नाना मात्र दोनदा बंद झाकणावरच बसले आणि घरातली शांतता तेवढी वाहून गेली.

खरी पंचाईत पुढेच होती. काढलेली अडगळ ठेवायची कुठे? स्टोअरकीपरांनी ती जिन्यापाशी पॅसेजमध्ये रचली, आणि तासाभरात सेक्रेटरी हजर झाले.

"पॅसेज सामायिक आहे. वस्तू ठेवता येत नाहीत."

"उद्या-परवा जाईल."

"मग तात्पुरत्या परवानगीचा अर्ज करा. अध्यक्षांची सही झाली की ठेवा."

"पण अध्यक्षच नाहीत ना!"

"ते रविवारी निवडले जातील," सेक्रेटरी शांतपणे म्हणाले, "तोवर आत घ्या."

दुसऱ्या कोणी असं सांगितलं असतं तर स्टोअरकीपर भडकले असते. पण नियम अगदी बरोबर होता, आणि त्यांना नेमकं तेच खुपत होतं. त्यांनी सगळं परत आत घेतलं. आता घरात आधीपेक्षा जास्त अडगळ होती, कारण आधी ती निदान जागच्या जागी तरी होती. नाना खुर्चीत पाय वर घेऊन बसले.

मग पालिकेला फोन झाला. अमुकसाठी एक दाबा, तमुकसाठी दोन दाबा, असं करत करत स्टोअरकीपर एका झोपाळू आवाजापर्यंत पोचले. आवाज म्हणाला की गाडी फक्त मोठ्या वस्तू नेते, आणि मोठी वस्तू म्हणजे जी उचलायला दोन माणसं लागतात ती. "आमचं सगळं मिळून उचलायला दहा माणसं लागतील," स्टोअरकीपर म्हणाले. "सगळं मिळून नाही, एकेक," आवाज म्हणाला. "एकेक वस्तू तर मी एका हाताने उचलतो." "मग त्या मोठ्या नाहीत," असं म्हणून आवाज बंद झाला. खिळेमोळे, वायरी आणि कुलपं यांची दखल घेणारं खातं अजून कुठल्याही सरकारने काढलेलं नाही, अशी तक्रार त्यांनी बायकोकडे केली. बायको तेव्हा झोपायला जागा शोधत होती.

शेवटी रविवारी सकाळी भंगारवाला आला. टेम्पो खाली लावून, लिफ्टचं दार दगडाने अडवून त्याने माल उतरवायला घेतला. नाना त्या वेळी केस कापायला गेले होते. मुद्दामच गेले होते, कारण हा धुमाकूळ त्यांना बघवेना. बायको स्वयंपाकघरात होती. वहिनी गॅलरीत होकायंत्र धरून उभ्या होत्या. आणि स्टोअरकीपर शिडीवर चढून कमरेपर्यंत पोटमाळ्यात शिरले होते. तिथून त्यांचा नुसता आवाज येत होता. "ती पेटी टाका! ते पत्रे टाका! ती सायकलची चेन आहे ना, तीही टाका!" भंगारवाला एकेक उचलत होता आणि टेम्पोत टाकत होता. आवाजात हळूहळू रंग भरत गेला. टाकण्यातही एक नशा असते, हे त्यांना त्या दिवशी प्रथमच कळत होतं.

तेवढ्यात सेक्रेटरी लिफ्टच्या दाराबद्दल बोलायला जिना चढून आले. धापा टाकत, एका हाताने छाती धरून, ते दारात टेकले. पोटमाळ्याच्या फटीतून स्टोअरकीपरांना त्यांचे फक्त बूट दिसले, पण धाप ऐकू आली. आता कोणी काही म्हणो, हा माणूस मनाने दिलदार. संध्याकाळी निवडणूक, समोर विरोधक, तरी आलेल्या माणसाला उभं ठेवणं त्यांच्या रक्तात नव्हतं. शिवाय विरोधकाला आपण कसं वागवलं ते चार लोकांत सांगता येणार होतं. ते आतूनच भरदार आवाजात गरजले, "अरे, खुर्ची टाका! बाहेर खुर्ची टाका लवकर!"

आपल्या भाषेत या टाकण्याचा काही भरवसा नाही. अंथरूण टाकतात ते घरातच राहतं, कचरा टाकतात तो जातो. चहा टाकतात तो प्यायला मिळतो, आणि पत्र टाकतात ते पोचेलच असं नाही. पाहुण्याला खुर्ची टाकतात ती त्याने बसावं म्हणून. पण भंगारवाल्याच्या कानावर सकाळपासून एकाच जातीचं टाकणं पडत होतं. त्याने नानांची वेताची खुर्ची उचलली, डोक्यावर घेतली आणि सेक्रेटरींच्या डोळ्यांदेखत जिना उतरून गेला.

"बसा, बसा साहेब!" पोटमाळ्यातून प्रेमळ आवाज आला. "आरामात बसा!"

सेक्रेटरींनी इकडेतिकडे पाहिलं. बसायला तिथे जमीन होती. त्यांना वाटलं, आपली टिंगल चालली आहे. "बघून घेईन संध्याकाळी," असं पुटपुटत ते आल्या पावली परत गेले.

आणि तेवढ्यात गॅलरीतून वहिनी टाळ्या वाजवत आत आल्या. "सुटली! भाऊजी, ची सुटली! जाणवतंय का? दारातून कशी सरळ आली बघा!"

स्टोअरकीपर शिडीवरून उतरले. कानाला जळमटं, नाकाला धूळ, पण चेहऱ्यावर समाधान. खरंच वारा वाहत होता. दारातून आत, खोलीतून गॅलरीत, आणि घंटा आपणहून किणकिणत होती. बायको चहा घेऊन आली, तीही म्हणाली की कसं मोकळं मोकळं वाटतंय. तिघं त्या वाऱ्यात चहा पीत उभे राहिले. खाली टेम्पो सुरू झाल्याचा आवाजही आला. एवढं मोकळं नेमकं कशामुळे वाटतंय, हे बघायचं मात्र तिघांपैकी एकालाही सुचलं नाही.

नाना आले. डोकं तुळतुळीत, मानेवर पावडर. दारात चपला काढल्या, वळले आणि वर्षानुवर्षांच्या सवयीने, मागे न बघता, बसायला वाकले.

"नाना!" बायको किंचाळली आणि तिने धावत जाऊन त्यांना काखेत धरलं. नाना तसेच अर्धवट वाकलेले थांबले. मग त्यांनी मान वळवून मागे पाहिलं. फरशीवर खुर्चीच्या पायांचे चार डाग तेवढे होते. ते सावकाश सरळ झाले.

स्टोअरकीपरांनी हातातली कपबशी खाली ठेवली. "नाना, मी... ती बसायला टाका म्हणालो होतो..."

"माझी पिशवी दे," नाना म्हणाले. अगदी हळू आवाजात.

त्यांनी स्वतः ताईला फोन लावला. उद्या सकाळी जावई न्यायला येतील असं ठरलं. मग पिशवी मांडीवर घेऊन ते पलंगाच्या कडेला बसले. दार तिथून दिसत नव्हतं. जिन्याने कोणी आलं-गेलं तरी त्यांना कळणार नव्हतं. स्टोअरकीपरांनी कानाशी तोंड नेऊन माफी मागितली, दोनदा मागितली, पण नाना ऐकू न येण्याचा पुरेपूर फायदा घेत समोरच्या भिंतीकडे बघत राहिले. वहिनी बेडकाकडे बघत कधी निघून गेल्या ते कळलंच नाही.

स्टोअरकीपर तसेच घरच्या कपड्यांत, जळमटांसकट धावत भंगारवाल्याच्या वखारीत गेले. त्यांच्या आयुष्यभराचा संग्रह तिथे एका ढिगात पडला होता. छत्री होती, तिच्याशेजारी दांडा होता. पण त्यांनी तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

"खुर्ची कुठाय?"

"वेताची? तिचं मी काय करू साहेब? मला लोखंड पाहिजे," भंगारवाला म्हणाला. "तिथेच गेटवर वॉचमनला देऊन आलो. म्हटलं, बसेल बिचारा."

स्टोअरकीपर उलट पावली पळत गेटवर आले. सकाळचा वॉचमन घरी गेला होता. आता दुसरा होता, आणि तो उभा होता.

"खुर्ची? इथं खुर्ची असती तर मी उभा राहिलो असतो का?" तो म्हणाला. त्याचं म्हणणं खोडण्यासारखं नव्हतं. स्टोअरकीपरांनी पार्किंग पाहिलं, पंपाची खोली पाहिली, गच्ची पाहिली. दिवे लागायची वेळ झाली. अध्यक्षपद, निवडणूक, ची, सगळं डोक्यातून पार पुसून गेलं होतं. सकाळी उठून दार उघडल्यावर तिथे कोणी नसेल, एवढंच पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे येत होतं, आणि त्यांना रडू येईल की काय असं वाटत होतं. जिना उतरताना तळमजल्यावरच्या सभेच्या खोलीचं दार उघडं दिसलं म्हणून त्यांनी आत डोकावलं.

आत अख्खी इमारत जमली होती. सगळे प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसले होते, आणि समोर, टेबलामागे, मध्यभागी, वेताची खुर्ची रिकामी मांडली होती. अध्यक्षाच्या जुन्या खुर्चीचा पाय मोडलेला; सकाळच्या वॉचमनने गेटवर आलेली बरी खुर्ची बघितली आणि आत नेऊन ठेवली.

"ती खुर्ची माझी आहे!" स्टोअरकीपर दारातूनच ओरडले.

सगळ्या माना दाराकडे वळल्या. उमेदवार चुळबुळतात, आडून आडून सुचवतात, हे लोकांनी पाहिलं होतं. इतका उघडा हावरटपणा त्यांनी प्रथमच पाहिला.

"मला ती आत्ताच्या आत्ता पाहिजे! दुसरं कोणी तिच्यावर बसलेलं मला चालणार नाही!"

सेक्रेटरी उठून उभे राहिले. सकाळचा अपमान त्यांच्या घशाशी आलाच होता. "काय हो, मतदान तरी होऊ द्याल की नाही? खुर्ची काय तुमच्या बापाची आहे?"

"हो!" स्टोअरकीपर गरजले. "बापाचीच आहे! माझ्या बापाचीच आहे! उजव्या हाताला वेत सुटलाय तिथे मी सुतळी गुंडाळलीये, बघून घ्या!"

दोन-तीन जणांनी वाकून पाहिलं. सुतळी होती. मग पहिल्या रांगेतून कोणीतरी खुसकन हसलं, आणि मग सगळी खोलीच हसायला लागली. सेक्रेटरी तेवढे हसले नाहीत. झाला प्रकार ऐकून घेतल्यावर ते जरा वरमले, पण नियम तो नियम.

"सभागृहात आलेली वस्तू बाहेर न्यायची तर अध्यक्षांची सही लागते."

"अध्यक्ष कोण?"

"ते आता निवडायचेत. दोन उमेदवार आहेत. आधी तुमचं भाषण, मग माझं, मग चिठ्ठ्या, मग मोजणी—"

स्टोअरकीपरांनी एकदा खुर्चीकडे पाहिलं. वर नाना पिशवी घेऊन बसले होते. "मी नाव सुचवतो," ते म्हणाले. "अध्यक्ष म्हणून सेक्रेटरीसाहेब. माझं नाव मागे घेतलं. हात वर करा सगळ्यांनी, लवकर करा!"

"भाऊजी!" मागच्या रांगेतून वहिनी कळवळून ओरडल्या. "अहो, आजच ची सुटलीये!"

पण हात वर गेले होते. सेक्रेटरी ज्या पदासाठी झुरत होते ते असं अंगावर येऊन पडेल असं त्यांना वाटलं नव्हतं. डोळे पुसावेत की काय अशा बेतात त्यांनी चष्मा काढला. मग खिशातून पेन काढलं आणि अध्यक्ष म्हणून आपली पहिली सही केली: एक वेताची खुर्ची, सभागृहाबाहेर नेण्यास परवानगी. सही उभ्यानेच करावी लागली, कारण खुर्ची तोवर स्टोअरकीपरांच्या डोक्यावर होती.

"अरे, अध्यक्षांना कोणीतरी खुर्ची टाका रे!" मागून आवाज आला. स्टोअरकीपरांनी डोक्यावरची खुर्ची दोन्ही हातांनी घट्ट धरली आणि जिन्याकडे धूम ठोकली.

घरात शिरताना घंटा खुर्चीच्या पायात अडकली आणि खळकन खाली आली. ती तशीच पायाने बाजूला सारून त्यांनी खुर्ची फरशीवरच्या त्या चार डागांवर नेमकी मांडली. आवाज ऐकून नाना बाहेर आले. त्यांनी खुर्चीभोवती एक फेरी मारली, सुतळीवरून अंगठा फिरवला, मागे वळून नीट खात्री करून घेतली आणि बसले. पिशवी अजून मांडीवरच होती. बायकोने ती हळूच काढून घेतली. आतले कपडे जागेवर ठेवायला म्हणून तिने हात घातला, तर वर एक सदरा होता आणि खाली कुलपांची बरणी होती.

"ही तर भंगारात दिली होती!"

"मी काढून ठेवली होती," नाना म्हणाले. "किल्ल्या आहेत घरात, तर कुलपं नकोत?"

स्टोअरकीपर खुर्चीशेजारी जमिनीवरच बसले, पाय लांब करून. दारातून वारा यायचा बंद झाला होता. खालून सभा संपवून लोक जिन्याने वर येत होते, आणि प्रत्येक जण दारात अडत होता आणि नानांच्या कानात ओरडून झाली हकीकत सांगत होता. प्रत्येक खेपेला नाना पहिल्यांदाच ऐकल्यासारखे हसत होते.

"चहा टाक गं!" ते तिसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू जाईल असं ओरडले. "आणि ताईला सांगा, जावयाला पाठवू नकोस म्हणावं!"

मग काहीतरी आठवून ते मुलाकडे वाकले. "काय रे, ती कसली ची अडकली होती म्हणत होतास. सापडली का?"

"सापडली, नाना."

"आं? कुणाची होती?"

स्टोअरकीपर उठून गुडघ्यावर बसले, नानांच्या कानाशी तोंड नेलं आणि छातीत होता नव्हता तेवढा दम काढून ओरडले, "बापाची!"

समोरचं वहिनींचं दार किलकिलं उघडलं आणि पुन्हा लागलं. नानांनी क्षणभर विचार केला आणि मान डोलावली.

"मग टाकू नकोस," ते म्हणाले. "असू दे घरात."